व्हेस्पा टीएपीच्या प्रतिकृतीवरचे आक्षेप: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

व्हेस्पा 150 टीएपी ही फ्रेंच छत्रीसैनिकांची तोफ वाहणारी स्कूटर. तिची प्रतिकृती मी बजाज स्कूटरच्या सांगाड्यावर बांधली, आणि त्यावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. जुनी बजाज कापून मी तिची वाट लावली, हा पहिला. स्कूटरवरून 75 मिमीची तोफ डागताच येत नाही, म्हणजे ही गाडी नुसता देखावा, हा दुसरा. आणि अल्जीरियाला पायाखाली ठेवू पाहणाऱ्या फ्रेंच लष्कराचं हत्यार आपल्यासारख्या देशातल्या माणसाने कौतुकाने मांडू नये, हा तिसरा. तुम्ही स्वतः फौजेत आरसीएलवर, म्हणजे अशाच धक्का न देणाऱ्या तोफेवर होतात, त्यामुळे दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो.

तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि ते फ्रेंचांनाही ठाऊक होतं. टीएपीवरची तोफ म्हणजे अमेरिकन एम-20. वजन 52 किलोच्या आसपास, लांबी दोन मीटरहून थोडी जास्त. तिच्या काडतुसाच्या नळकांड्याला चहूबाजूंनी भोकं असतात. बार उडाला की गोळा पुढे जातो आणि वायूचा मोठा लोट मागच्या तोंडातून बाहेर पडतो, म्हणून तोफेला धक्का जवळपास बसत नाही. हे तुम्हाला सांगायला नको, इतर वाचकांसाठी लिहितोय. 1965 साली असल उत्तरच्या लढाईत अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या ज्या 106 मिमी तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडले, तीही याच तत्त्वावरची.

पण जीपवर तोफ वरच्या बाजूला मोकळी बसते आणि हवी तशी फिरवता येते. टीएपीमध्ये नळी पुढच्या शिल्डमधून, म्हणजे पायांसमोरच्या उभ्या पत्र्यातून, आरपार जाते आणि चालवणाऱ्याच्या सीटखालून मागे निघते. नेम धरायचा तर अख्खी स्कूटर वळवावी लागेल. म्हणून फ्रेंच छत्रीसैनिक मुक्कामी पोचल्यावर तोफ गाडीवरून उतरवत आणि ब्राउनिंग एम 1917 मशीनगनच्या तिपाईवर चढवून डागत. स्कूटरचं काम फक्त ओझं वाहायचं. विमानातून त्या जोडीने टाकायच्या, आघात सोसायला भोवती गवताचे भारे बांधून. एकीवर तोफ, दुसरीवर दारूगोळा.

इंटरनेटवर या गाडीला बाझूका व्हेस्पा म्हणतात आणि धावत्या स्कूटरवरून तोफ मारल्याच्या गप्पा रंगवतात. त्या खोट्या आहेत. म्हणूनच माझ्या प्रतिकृतीत नळीइतकेच कष्ट मी तिपाईवर घेतले. फोटोत नळीवरच लक्ष जातं, पण तिपाई नसेल तर गाडीचा अर्थच बदलतो. नळी पत्र्याची आहे, दोन्ही तोंडं आतून वेल्डिंग करून कायमची बंद केलेली.

आता बजाजचं. ती चालती गाडी नव्हती. इंजिन नाही, आरसी बुक नाही, पायाखालचा पत्रा गंजून जाळीदार झालेला, असा नुसता सांगाडा भंगारवाल्याकडे पडला होता आणि पुढच्या फेरीत तो तोलून जाणार होता. नीट कागदपत्रांची, जोडून चालू होईल अशी बजाज 150 मला कुणी फुकट दिली तरी मी तिला ग्राइंडर लावणार नाही.

आणि बजाजच का, तर नातं खरं आहे म्हणून. टीएपी 1956 पासून तयार झाली ती इटलीत नव्हे, तर फ्रान्समध्ये फूरशांबोच्या एसीएमए कारखान्यात. हा कारखाना व्हेस्पाच्या मूळ इटालियन कंपनीच्या, म्हणजे पियाज्जोच्या, परवान्यावर व्हेस्पा बनवायचा. पुढे 1960 च्या दशकात बजाजनेही पियाज्जोच्याच परवान्यावर स्कूटर काढल्या. म्हणजे फूरशांबोची आणि बजाजच्या आकुर्डी कारखान्याची गाडी एकाच घराण्यातली.

व्हेस्पाला वेगळी चॅसिस नसते, दाबून घडवलेला पत्राच सगळा भार पेलतो. शिल्डला तोफेएवढं भोक पाडलं की नेमका तिथेच जीव जातो. शिवाय मधून स्टिअरिंगचा दांडा खाली उतरतो, त्यामुळे नळीला बाजूने वाट काढावी लागते आणि ताण एकाच अंगाला येतो. फ्रेंचांनी सांगाडा का मजबूत केला हे मी वाचलं होतं, पण कळलं ते कापलेल्या कडेवर हात ठेवून शिल्ड हलवून पाहिली तेव्हा. अंगठ्याने दाबलं तरी पत्रा लवत होता. भोकाच्या कडेने जाड पट्टीची कडी वेल्ड केली, आतून तळाच्या पत्र्यापर्यंत दोन आडवे तुकडे दिले, तेव्हा कुठे तो ताठ झाला. ही समज केवळ चित्र बघून येत नाही. प्रतिकृती करण्यामागचं माझं मुख्य कारण हेच.

रंगाबद्दल तुम्ही विचारलंत, हिरवा का नाही? मूळ गाड्या हिरव्याही होत्या आणि वाळूच्या रंगाच्याही. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना चालतो. माझी गाडी रस्त्यावर उतरणार नाही, तिला नंबरच नाही, तरीही तो रंग फौजेचा आहे आणि मला तो वापरायचा नव्हता. वाळूचा रंग अल्जीरियाला शोभतोही.

अल्जीरियाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे 1954 ते 1962 लढाई चालली, ती स्वातंत्र्यासाठी. लढवय्यांकडे रणगाडे नव्हते, तरी त्यांच्याविरुद्ध रणगाडाभेदी तोफ पाठवण्यात आली, कारण आडोसे आणि डोंगरातली ठाणी फोडायलाही ती चालते. या स्कूटरची गंमत सांगताना बहुतेक जण एवढंच गाळतात. माझ्या गाडीशेजारी मराठीत फलक असतो. तोफ कोणाची, गाडी कुठली, आणि ती कोणाविरुद्ध बनवली, हे तिन्ही त्यावर लिहिलेलं आहे. ही प्रतिकृती असून बजाजच्या सांगाड्यावर बांधली आहे, हेही त्यावर आहे आणि सीटखाली पत्र्यावर कोरलेलंही आहे. खऱ्या टीएपी जगात थोड्याच उरल्यात. उद्या माझ्या पश्चात कुणी ही गाडी अस्सल म्हणून विकू नये. प्रदर्शनात लहान मुलं तोफेवर बसून फोटो मागतात, मी बसू देत नाही. त्यांच्या आईवडिलांना राग येतो, पण त्यात बदल होणार नाही.

एक विनंती आहे. तिपाईवर नळी धरणारा पाळणा मी जुन्या छायाचित्रांवरून बेतलाय, आणि त्याचा नळी अडकवणारा चाप मला अजून पटत नाही. प्रत्यक्ष तोफ उतरवून चढवणाऱ्या माणसाचा हात कुठे जातो, घाईत कोणती कडी आधी सुटायला हवी, हे तुमच्याइतकं मला कोण सांगणार? पुण्याकडे येणं झालं तर वर्कशॉपवर जरूर या. तोवर पाळण्याचे जवळून काढलेले फोटो खाली टाकतोय, ते पाहून कळवा.