दोन रेघा मारल्या की चेक ‘अकाउंट पेयी’ होतो?

नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा निरोप असा: ‘चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन रेघा मारा, पैसे त्याच माणसाच्या खात्यात जातील. ही पद्धत इंग्रजांनी १८८१ च्या कायद्याने सुरू केली.’

‘त्याच माणसाच्या खात्यात’ हा भाग सगळ्यात घातक. चेकचे नियम सांगणाऱ्या याच १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १२३ आणि १२६ नुसार नुसत्या दोन तिरप्या समांतर रेघांचा अर्थ एवढाच, की काउंटरवर रोख मिळणार नाही, वसुली बँकेमार्फतच होईल. खातं कोणाचं, हे रेघा सांगत नाहीत. चेकवर छापलेलं ‘ऑर बेअरर’ (म्हणजे ‘किंवा चेक आणणाऱ्याला’) खोडायचं राहिलं आणि चेक कळमन्याच्या बाजारात कुठं पडला, तर सापडणारा तो आपल्या खात्यात भरू शकतो. ‘बेअरर’ खोडलं तरीही ज्याच्या नावे चेक आहे, तो मागे सही करून दुसऱ्याला देऊ शकतो, आणि त्यात बेकायदा काही नाही.

खरा अटकाव होतो तो रेघांमध्ये ‘ए/सी पेयी’ (अकाउंट पेयी) लिहिल्यावर. बरं, हे शब्द कायद्याच्या क्रॉसिंगच्या (म्हणजे रेघा मारण्याच्या) कलमांत नाहीतच! ते रुळले बँकांच्या वहिवाटीने. असा चेक दुसऱ्याच्या खात्यात जमा करायला बँकांना मनाई केली ती रिझर्व्ह बँकेने. त्यातही एक सवलत आहे: चेक पतसंस्थेच्या सभासदाच्या नावे असेल, तर ५०,००० रुपयांपर्यंतची रक्कम पतसंस्थेच्या खात्यातून वसूल करता येते.

आता १८८१. लंडनच्या क्लिअरिंग हाउसमध्ये, म्हणजे बँका एकमेकींचे चेक वटवत त्या ठिकाणी, बँकांचे कारकून चेकवर आडवं आपल्या बँकेचं नाव लिहीत, म्हणजे कोणाचा चेक कोणाकडे हा हिशेब लागे. ती सवय लोकांनी उचलली, इंग्लंडमध्ये १८५६ साली तिला कायद्याचं पाठबळ मिळालं, आणि आपल्याकडचा १८८१ चा कायदा त्यानंतरचा.

कोपऱ्याची सक्ती नाही. तळाच्या पांढऱ्या पट्टीत मात्र पेन जाऊ देऊ नका; नागपूरच्या चेकवर तिथला नऊ आकडी कोड ४४० ने सुरू होतो आणि तो मशीन वाचतं.

हाती आलेल्या चेकवर रेघा नसल्या, तर कलम १२५ नुसार घेणाराही त्या मारू शकतो. नुसत्या रेघा असतील, तर त्यांच्यामध्ये आपल्या बँकेचं नाव लिहा. मग पैसे त्याच बँकेमार्फत वसूल होतील.