आमच्याकडे साबण घरचाच असतो

ह्यांची नोकरी संपली आणि आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या घरात कारखाना सुरू झाला. सुरुवात साबणाच्या वेष्टनापासून झाली. वेष्टनावर बारीक अक्षरांत टीएफएम (टोटल फॅटी मॅटर, म्हणजे साबणातला स्निग्ध भाग) नावाचा एक आकडा छापलेला असतो, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझी एकही आंघोळ अडली नव्हती. तो आकडा 76 टक्के किंवा वर असेल तर साबण पहिल्या दर्जाचा, त्याखाली दुसरा, मग तिसरा. ज्यावर नुसतं ‘बेदिंग बार’ लिहिलेलं असतं त्याला हे साबणात धरतच नाहीत. ही विद्या मिळाल्यापासून आम्ही कोणाकडे गेलो की हे हात धुवायला आत जातात आणि बाहेर येऊन यजमानांकडे कीव आल्यासारखं बघतात.

“आता विकतचं बंद,” एका सकाळी ह्यांनी जाहीर केलं. “सगळं घरी करायचं.”

मी तेव्हा पोळ्या लाटत होते. शेजारच्या शेगडीवर आमटी उकळत होती, ओट्यावर दह्याला विरजण लावून ठेवलं होतं. ‘सगळं’मध्ये यातलं काही येत नाही, हे ह्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

साबणाला मुळात दोनच गोष्टी लागतात, तेल आणि कॉस्टिक सोडा. खोबरेल जांभळी नाक्याला मिळालं. कॉस्टिकसाठी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पुडा काढता काढता विचारलं, “किती तुंबलंय?”

“तुंबलं नाहीये,” हे म्हणाले. “अंगाला लावायचंय.”

त्याने पुडा परत फळीवर ठेवला. मग ह्यांनी काउंटरवर कोपर टेकून व्याख्यान दिलं. 100 ग्रॅम खोबरेलाला साधारण 18 ग्रॅम कॉस्टिक, माप बरोबर असलं की सगळं कॉस्टिक तेलाशी मिळून त्याचा साबण होतो, शिवाय ग्लिसरीन तयार होतं ते वेगळंच. मागे पाव किलो खिळे घ्यायला आलेला माणूस खिळे न घेता निघून गेला. शेवटी मी पुढे होऊन “मोरी तुंबलीय हो, पार तुंबलीय” असं सांगितलं, तेव्हा कुठे पुडा हातात पडला.

पुढचा प्रश्न भांड्याचा. कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातं, म्हणून अॅल्युमिनियम चालत नाही. काच तडकेल म्हणून काचही नको. स्टील चालतं, आणि स्टीलचं मोठं, जाड बुडाचं पातेलं घरात एकच, माझं दुधाचं. एकदा त्यात कॉस्टिक कालवलं की पुन्हा खाण्याच्या कामाला घ्यायचं नाही, हा नियम ह्यांनी मला ते घेतल्यावर सांगितला. मग कालथा गेला. मग केकचा साचा. वजनकाटा मात्र नवा आला, कारण माझ्या काट्यावर एक ग्रॅमचा फरक कळत नव्हता. मी मिठाचा अंदाज बोटांच्या चिमटीने घेते, हे त्यांना आठवलं नसावं.

प्रत्यक्ष साबण करायच्या दिवशी हे रेनकोट, रबरी हातमोजे आणि मुलाचं हेल्मेट घालून ओट्याशी उभे राहिले. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, नाहीतर उसळून अंगावर येतं, असं हेल्मेटच्या आतून ओरडून सांगत होते. गॅस न पेटवता पाण्यातून वाफा येताना बघून सासूबाई दारात थबकल्या.

“कुठे आग लागलीय का रे?”

“आई, साबण करतोय. तुझ्या वेळी सगळं घरीच करायचात ना?”

“करायचो,” सासूबाई म्हणाल्या. “उटणं, काजळ, मेतकूट, दात घासायची राखुंडीसुद्धा. पण विकत घ्यायला तुझ्या बाबांकडे पैसे असते तर कोण मरायला करत बसलं असतं?”

ह्यांनी हेल्मेटची काच खाली केली.

निव्वळ खोबरेलाच्या साबणाची एक खोड आहे. तो भराभर घट्ट होतो, म्हणून जरा कोमट आणि मऊ असतानाच कापावा लागतो. हे नेमकं झोपून गेले. सकाळी साच्यातून जो निघाला तो दगड होता. सुरी चालेना. मग माझा नारळ फोडायचा कोयता आला (त्याचंही नाव आता खाण्याच्या यादीतून कटलं). वड्या म्हणून जे हाती लागलं त्यात दोन सारखे तुकडे नव्हते. एक त्रिकोणी, एक पाचरीसारखा, एकाला तर टोकच, त्याने पाठ खाजवता आली असती.

“ही हातची खूण असते,” हे तुकडे मांडत म्हणाले. “यंत्रातून एकसारखं निघतं. हाताने केलेलं असंच दिसणार.”

माझी पोळी वाकडी झाली तर या घरात तिला ‘भारताचा नकाशा’ म्हणतात. 

यानंतर ते तुकडे चार ते सहा आठवडे वाऱ्यावर सुकू द्यायचे असतात. कपाटांवर, टीव्हीमागे, देव्हाऱ्याच्या फळीखाली वर्तमानपत्रावर साबण पसरले गेले. रोज ते उलटायचे. कोणी उलटायचे, हे सांगायला नकोच.

साबण सुकेपर्यंत हात रिकामे, म्हणून बायोएन्झाइम आलं. फरशी पुसायला. एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने थांबणे. सालींसाठी हे स्टेशनजवळच्या रसवाल्याशी बोलून आले आणि मोसंबीच्या सालींची ठिबकती पिशवी टीएमटीच्या बसमधून घेऊन आले. शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं, त्यामुळे ऐन गर्दीत ऐसपैस बसायला मिळालं, याचाही त्यांनी फायद्यात हिशोब धरला. बाटल्या बाल्कनीत रांगेने उभ्या राहिल्या. आत आंबवण चालू झालं की गॅस धरतो, म्हणून पहिला महिनाभर रोज झाकण किंचित सैल करून तो सोडून द्यायचा. विसरलात तर बाटली फुगते, फुटतेही. लहान बाळाची ढेकर काढतात तसं हे रोज सकाळी एकेका बाटलीला कुरवाळत फुस्स करवायचे.

आणि नेमकं त्याच महिन्यात रत्नागिरीला माझ्या भाचीचं लग्न. घराला कुलूप लावायचं तर बाटल्यांचं काय? समोरच्या काकूंकडे किल्ली दिली. एरवी आम्ही त्यांना तुळशीला पाणी घालायला सांगतो. या वेळी ह्यांनी त्यांना अर्धा तास प्रशिक्षण दिलं. मंगलाष्टकं चालू असताना ह्यांचा फोन वाजला. हातात अक्षता तशाच धरून हे मांडवाच्या कडेला गेले, आणि सनईच्या वर चढवलेल्या आवाजात “झाकण पूर्ण उघडू नका! फुस्स झालं का? नाही झालं? मग हलवा तिला!” हे वऱ्हाडी मंडळींनी ऐकलं. मुलाकडच्या एका आजोबांनी मला हळूच विचारलं, घरी कोणी आजारी आहे का.

संक्रांतीपर्यंत साबण वापरण्याजोगा झाला. खोटं कशाला बोलू, फेस उत्तम येतो. बोअरच्या जड पाण्यातही खोबरेलाचा साबण फेस धरतो, हे ह्यांचं म्हणणं खरं निघालं. पण एवढ्या साबणाचं करायचं काय? हळदीकुंकवाला वाण म्हणून हाच लुटायचा, असं ठरलं. कोणी ठरवलं, ते पुन्हा सांगत नाही. तुकडे रंगीत कागदात बांधले, वर सुतळीची गाठ.

सोसायटीतल्या बायका आल्या आणि वाण हातात पडताच आरडाओरडाच झाला. “अय्या, भाऊजींनी केला? घरी? आणि आमच्याकडे बघा, ह्यांना चहाची गाळणी सापडत नाही!” “तुम्ही नशीबवान हो!” टोकवाला तुकडा जिला मिळाला तिने तो नाकाशी धरून “किती ओरिजिनल” म्हटलं. हे आतल्या खोलीच्या पडद्याआड उभे होते. पडदा आनंदाने हलत होता.

तिळाचे लाडू मी दोन रात्री बसून वळले होते. चिक्कीचा गूळ वेगळा आणून, पाक हाताला चटका बसेल इतका गरम असताना. एकीने लाडू तोंडात टाकत विचारलं, “छान आहेत. गोखले रोडवरून आणलेत का?”

“एकसारखे आहेत ना,” सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, “म्हणून विकतचे वाटतात.”

या यशानंतर हे आठवडाभर मोबाइलमध्ये डोकं घालून होते. परवा संध्याकाळी स्वयंपाकघरात आले, डोळ्यांत तीच चमक.

“ऐक, तुला माहितीये? रोजच्या दुधावरची साय साठवायची, विरजायची, घुसळायची, लोणी काढून कढवायचं. घरच्या घरी तूप होतं!”

मी “अय्या, खरंच?” म्हटलं, फ्रीजमधलं सायीचं भांडं आणि रवी त्यांच्यापुढे ठेवली, आणि कमरेचा पदर सोडून बाहेर टीव्हीपुढे जाऊन बसले. तूप छान झालं. त्यात विड्याचं पान टाकायचं असतं हे सासूबाईंनी शेवटच्या क्षणी ओरडून सांगितलं, तेही टाकलं गेलं. तूप गाळून बरणीत भरलं, बरणीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला, अंगठ्यांचा पाऊस पडला. मग हे बाहेर आले.

“पातेल्याच्या बुडाला काहीतरी जळकट तपकिरी चिकटलंय. ते कसं काढतात?”

“बेरी म्हणतात त्याला. व्हिडिओत बघा की.”

“व्हिडिओ संपला तिथे.”

सासूबाईंनी रिमोट घेऊन आवाज वाढवला.