मोठं इंजिन बसवलं म्हणून ट्रक जास्त माल उचलत नाही

"मध्यम ट्रकला जास्त ताकदीचं डिझेल इंजिन बसवा आणि दोन टन माल जास्त भरा" असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. गाडीने किती वजन घ्यायचं हे चासी (गाडीचा सांगाडा), अ‍ॅक्सल, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), टायर आणि ब्रेक ठरवतात. इंजिन बदलून यातलं काहीच बदलत नाही. चढावर गाडी दमणार नाही, हे मान्य. पण उतारावर तिला आवरायचं आहे जुन्याच ब्रेकनी.

उलट क्षमता थोडी घटतेच. कमिन्सचं 3.9 लिटरचं चार सिलिंडरचं आणि 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन बघा. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 102 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 120 मिलिमीटर, म्हणून "इंजिन तेच तर आहे" असं सर्रास म्हटलं जातं. पण दोन सिलिंडर वाढले की लांबी वाढते, पंख्याला रेडिएटरपाशी जागा उरत नाही आणि शंभरावर किलोंचा जादा भार मुख्यतः पुढच्या अ‍ॅक्सलवर येतो.

खरी गोची मागे आहे. पहिला गिअर 6 पट आणि डिफरन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलमधली गिअरपेटी) 5 पट धरला, तर इंजिनाच्या 550 न्यूटन-मीटर टॉर्कचे, म्हणजे फिरवण्याच्या जोराचे, अ‍ॅक्सलपाशी 16,500 होतात. 800 चे थेट 24,000. जुना क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे, हे कुठवर सोसणार? नवा दणकट क्लच टाकला तर तुटायची पाळी त्याच्यानंतरच्या गिअरबॉक्स-शाफ्टवर येते.

गाडी फक्त चढावर रडत असेल, तर आधी टर्बोचे पाइप, एअर फिल्टर आणि इंजेक्टर तपासा. बऱ्याचदा तिथेच ताकद गळत असते.