सतरा ज्वेल, नीलमाची काच आणि डिचोलीचं लोखंड

चवथीपासून आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. ‘मनगटी घड्याळ कशाचं बनतं? कंपन्या लपवतात ते सत्य!’ असा मथळा. आत दावे असे: सफायर काच म्हणजे अस्सल नीलम, पत्रिका दाखवल्याशिवाय हाताला बांधू नका. जुन्या एचएमटीच्या तबकडीवर ‘17 ज्वेल्स’ लिहिलेलं असतं, म्हणजे आत सतरा खरी माणकं असतात, सराफ हजारो रुपये देतो. जपानी घड्याळाचं पोलाद आपल्या गोव्याच्या खनिजाचं. स्विस घड्याळाचा कण न् कण स्वित्झर्लंडमधला. क्वार्ट्ज म्हणजे समुद्राची वाळू. आणि काळोखात चमकणारं प्रत्येक घड्याळ रेडियमचं, म्हणजे कॅन्सर. खाली मामांचा शेरा: ‘सर्वांना पाठवा.’ मामा, राग मानू नका, पण हा मजकूर ज्याने लिहिला त्याने तबकडीवरचे शब्द वाचले, घड्याळ उघडून पाहिलं नाही.

माणकांपासून सुरुवात करतो, कारण त्या वाक्यापायी आमच्या वाड्यावरचे एक काका वडिलांचं एचएमटी जनता घेऊन गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोलीच्या बाजारात घड्याळजीकडे गेले. ‘माणकं तेवढी काढून द्या.’ सोबत मी होतो. घड्याळजीने मागचं झाकण काढलं, भिंग काकांच्या डोळ्याला लावायला दिलं. आत मोहरीच्या दाण्याएवढे गुलाबी ठिपके. ‘हीच ती. भट्टीतली आहेत. ही घेऊन सराफाकडे गेलात तर तो चहासुद्धा विचारणार नाही.’

भट्टीतली हा शब्द अगदी नेमका. 1902 साली ऑग्युस्त व्हेर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने माणिक बनवण्याची रीत जगापुढे मांडली. अ‍ॅल्युमिनाची बारीक भुकटी हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली सोडायची. दोन हजार अंशांच्या वरच्या उष्णतेत ती वितळते, खालच्या दांड्यावर थेंबाथेंबाने साचते आणि त्याचा स्फटिक वाढत जातो. भुकटीत चिमूटभर क्रोमियम असलं की रंग लाल. रसायन म्हणून पाहिलं तर हे माणिकच, नकली नव्हे. पण जे काही तासांत भट्टीतून निघतं त्याला खाणीतल्या खड्याचा भाव कोण देणार? घड्याळात खरोखर खाणीतली माणकं बसवत असत, ते या शोधाच्या आधी. माणकाला भोक पाडून घड्याळात वापरण्याचं पेटंट लंडनमध्ये 1704 साली निकोला फातिओ आणि त्याच्या भागीदारांना मिळालं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंगळुरूत सिटिझनच्या साहाय्याने 1961 साली सुरू झाला, तोवर भट्टीतलं माणिक कधीच रुळलं होतं.

आणि ती माणकं शोभेला नसतात. चाकाच्या पोलादी आसाची टोकं त्यांत फिरतात. माणिक कठीण आणि गुळगुळीत, म्हणून वर्षानुवर्षं फिरूनही भोक रुंदावत नाही. काढून घेतलीत तर घड्याळ त्याच क्षणी बंद.

नीलमाची गोष्ट याच घरातली. माणिक आणि नीलम हे दोन्ही कुरुंदच. धार लावणाऱ्याच्या चाकाचा असतो ना, तोच कुरुंद. इंग्रजीतला कोरंडम हा शब्दसुद्धा आपल्या दक्षिणेकडूनच तिकडे गेला. क्रोमियमने तो लाल होतो, लोह आणि टायटॅनियमने निळा. यातलं काहीच न घालता कारखान्यात वाढवला की स्वच्छ, बिनरंगी स्फटिक मिळतो. तो हिऱ्याच्या करवतीने कापायचा, घासायचा, झाली सफायर काच. बिनरंगी नीलमाने शनी कोपतो का, हे ज्योतिषीबुवांना विचारा. एवढं खरं, की तिच्यावर किल्ल्यांचा ओरखडा उठत नाही. पण जमिनीवर आपटली तर फुटते.

या दोन्हींचा कच्चा माल अ‍ॅल्युमिना, आणि तो येतो बॉक्साइटमधून. बॉक्साइट दक्षिण गोव्याच्या पठारांवरही आहे. आपल्या घरांचा चिरा, म्हणजे जांभा दगड, त्याचाच भाऊबंद: लोह आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही त्यात. फॉरवर्डवाल्याला गोव्याचा अभिमान मिरवायचाच होता, तर हा धागा बरा होता. त्याने पोलाद पकडलं.

पोलादाचा दावा खोडताना मलाही थोडं वाईट वाटतं. खनिज भरलेले ट्रक, मांडवी नदीतून मुरगाव बंदराला जाणाऱ्या बार्जी, म्हणजे मालबोटी, हे पाहतच आम्ही वाढलो. गोव्याचं खनिज अनेक दशकं जपानला जात होतं, नंतर चीनला, हे खरंच आहे. पण ते बरंचसं कमी प्रतीचं, आणि तिकडच्या भट्ट्यांत ते ऑस्ट्रेलिया-ब्राझीलच्या खनिजात मिसळलं जायचं. त्यातून पूल झाले, जहाजं झाली, मोटारी झाल्या. घड्याळाचं स्टेनलेस स्टील वेगळ्याच वाटेने येतं. त्याचा मोठा भाग भंगार पुन्हा वितळवून, विजेच्या भट्टीत बनतो. घड्याळात सर्रास वापरतात त्या 316एल जातीत लोखंड साधारण दोन तृतीयांश, क्रोमियम 16 ते 18 टक्के, निकेल 10 ते 14, मॉलिब्डेनम 2 ते 3. क्रोमियमच्या मोठ्या खाणी दक्षिण आफ्रिकेत, आपल्याकडे ओडिशात सुकिंद्याला. निकेल सर्वांत जास्त इंडोनेशियात निघतं. मॉलिब्डेनम असतं म्हणून आपल्या खाऱ्या हवेत आणि घामात केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला, गंजाचे खड्डे पडत नाहीत. तुमच्या घड्याळात डिचोलीच्या लोखंडाचा कण नाहीच, असं मी म्हणत नाही. पण जपानी घड्याळाचं पोलाद गोव्याच्या खनिजाचं, हे खोटं.

‘स्विस मेड’चं उत्तर लहान आहे. तो शिक्का खनिजाचा नव्हेच. 2017 पासूनच्या नियमाप्रमाणे उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये व्हायला हवा, आतलं मशीन स्विस हवं, ते केसमध्ये बसवणं आणि शेवटची तपासणी तिथेच व्हायला हवी. धातू कुठल्या खाणीतला, हे त्यात विचारलेलं नाही. तिथल्या रिफायनऱ्या जगभरचं सोनं शुद्ध करतात, पण ते सोनं बाहेरून येतं.

क्वार्ट्ज आणि वाळू, दोन्ही मुळात सिलिका. तरी कळंगुटची वाळू भरून घड्याळ चालत नाही. लागतो निर्दोष स्फटिक. दुसऱ्या महायुद्धात रेडिओसाठी तो ब्राझीलच्या खाणींतून यायचा (काजूही तिथूनच आला म्हणा), आता तो प्रचंड दाबाच्या बंद भांड्यात अनेक आठवडे वाढवतात. त्यातून कापलेला चिमट्याच्या आकाराचा तुकडा बॅटरीच्या विजेवर सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. आतल्या सर्किटने हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की उरतो एक, आणि काटा एक घर सरकतो.

राहिलं रेडियम. आपल्याकडे चमकेल ते सगळं रेडियम. नंबर प्लेट चिकटवून देणारा तो रेडियमवाला, आणि त्याच्या दुकानात रेडियमचा कणही नसतो. आजच्या घड्याळांतला लेप बहुधा स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटचा, 1993 साली जपानमध्ये पुढे आलेला. तो उजेड साठवून ठेवतो आणि सावकाश सोडतो. किरणोत्सर्ग त्यात नाही. मात्र 1960च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच घड्याळांत खरं रेडियम होतं, आणि तबकड्या रंगवताना कुंचल्याचं टोक ओठांनी जुळवणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुली त्यानेच गेल्या. फॉरवर्डात हे एवढंच खरं, आणि तेही चुकीच्या घड्याळावर चिकटवलेलं.

आजोबांनी पोर्तुगीज काळात पणजीत घेतलेलं घड्याळ आमच्या कपाटात आहे. त्याचे काटे आता चमकत नाहीत, म्हणून ते निर्धोक असं समजू नका. थकतं ते रेडियममुळे चमकणारं झिंक सल्फाइड. रेडियमचा जोर निम्मा व्हायलाच 1,600 वर्षं लागतात. असं घड्याळ तुमच्याकडे असेल तर तबकडी खरवडू नका, मुलांच्या हातात देऊ नका. काकांचं एचएमटी मात्र खुशाल बांधा. घड्याळजीने त्यात तेल घालून दिलंय, आणि ते चालतंय.