‘खुर्ची सोडलेल्या’ बाईचं उत्तर

गेल्या आठवड्यात मी के०८.४०९ या निदानाच्या कोडवर लिहिलं होतं. काही दात गेलेत, कशाने गेले ठाऊक नाही, क्लासही (केस कोणत्या गटातली ते) ठाऊक नाही, असा तो कोड. अमेरिकन विम्याच्या क्लेमवर आपण कोडर, म्हणजे डॉक्टरच्या नोंदी वाचून कोड देणारे, तो डोळे झाकून ठोकतो आणि हा निव्वळ आळस आहे, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर ‘दंतपंडित’ या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली. तिचा गोषवारा असा: एक्स-रेवरून कारण ठरवणं कोडरचं काम नाही, मी तसं शिकवून नव्या मुलांना ऑडिटमध्ये अडकवतेय; डी५२१४ हा कवळीचा कोड मी वरच्या जबड्याला लावला; क्लास म्हणजे केनेडी क्लास, हे मी सांगितलंच नाही. आणि शेवटी हे, जसंच्या तसं: “खुर्ची सोडून स्क्रीनसमोर बसलेल्या बीडीएसवाल्यांना अजून आपण डॉक्टरच आहोत असं वाटतं, हाच खरा प्रॉब्लेम आहे.”

दंतपंडित, आधी चूक कबूल करते. कास्ट पार्शलचा (धातूच्या सांगाड्याच्या अर्ध्या कवळीचा) डी५२१३ वरचा, डी५२१४ खालचा. माझ्याकडून उलटं झालं. मनापासून आभार. हेच तुम्ही एका ओळीत सांगितलं असतंत तरी मला कळलं असतं. पाच उद्गारचिन्हांची गरज नव्हती.

आता खुर्चीबद्दल, म्हणजे दातांच्या दवाखान्यातल्या.

खुर्ची माझ्या मालकीची कधी नव्हतीच. ती सोडायला आधी कर्ज काढून विकत घ्यावी लागते. बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, इंटर्नशिप संपल्यावर अडीच वर्षं मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये काम केलं. पगार सांगितला तर तुम्ही हसाल, म्हणून सांगत नाही. तिथे एक आजोबा यायचे. आपली अर्धी कवळी रुमालात गुंडाळून आणायचे आणि टेबलावर रुमाल असा सोडायचे, जणू आत सोनं आहे. केसपेपरवर त्यांच्या नावापुढे आधीच्या कुणीतरी ‘मिसिंग’ एवढंच लिहिलेलं. मी विचारलं, “आजोबा, हे पुढचे दोन दात कशानं गेले?” म्हणाले, “बैलानं मान झटकली.” “आणि मागच्या दाढा?” “त्या किडल्या. त्यांचं काय विचारता, बाई.” एकाच तोंडात दोन कारणं, आणि कागदावर एक शब्द. कारण विचारायची सवय मला तिथे लागली, त्या दुसऱ्याच्या खुर्चीशेजारी उभं राहून. ती कुठल्या कोडिंग क्लासमध्ये मिळत नाही.

मग ऐरोलीत कोडिंगची नोकरी. रात्रपाळी, कॅब, टार्गेट. पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं की दातांचे चार्ट म्हणजे माझ्या हातचा मळ. अमेरिकेतल्या चार्टवर १४ नंबर दिसला की माझ्या डोळ्यांपुढे उजवीकडची वरची पहिली उपदाढ यायची, कारण आपण कॉलेजात तसंच शिकलो. त्यांचा १४ म्हणजे डावीकडची वरची पहिली दाढ. माझ्या टीममधल्या बी.एस्सी. झालेल्या मुलीने माझी ती चूक पकडली. तेव्हा ‘आपण अजून डॉक्टरच’ हा भ्रम असलाच तर त्याच आठवड्यात उतरला, पंडित. तुमच्या वाक्याची वाट बघत बसला नव्हता. आणि नावात ‘दंत’ लावून हे बोलणारे तुम्ही स्वतः कोण, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. प्रतिक्रिया रात्री २ वाजून १० मिनिटांनी आली आहे, म्हणजे तुम्हीही कुठल्यातरी स्क्रीनसमोरच होतात.

याच स्क्रीनवरचा एक चार्ट सांगते. १९ नंबरचा दात, म्हणजे आपला ३६, नाही. निदानाच्या जागी फक्त ‘पार्शल इडेन्चुलिझम’, म्हणजे काही दात नाहीत. पण वर, पेशंटने सांगितलेल्या माहितीत, अर्धी ओळ: दोन वर्षांपूर्वी सायकलवरून पडला. क्लेम मेडिकल विम्याकडे गेला होता, सीएमएस-१५०० फॉर्मच्या २१ नंबरच्या रकान्यात के०८.४०९ घेऊन, आणि परत आला होता. येणारच. दात अपघाताने गेला असेल तर मेडिकल विमा निदान दार उघडून बघतो; कशाने गेला ठाऊक नाही म्हटल्यावर कशाला बघेल? मी क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न, टाकली: कारण आणि तारीख कृपया नोंदवा. तारीख यासाठी, की मेडिकलने नाही म्हटलं तर डेंटल पॉलिसीत बहुधा ‘मिसिंग टूथ’चं कलम असतं, पॉलिसीच्या आधी गेलेला दात ते भरून देत नाहीत. डेंटिस्टने एका ओळीची पुरवणी जोडली आणि कोड झाला के०८.४१९. कारण अपघात, क्लास अनिर्दिष्ट. पुढे पैसे आले की नाही ते एआरवाल्यांना, म्हणजे विम्याकडून पैसे वसूल करणाऱ्यांना ठाऊक. पण ती अर्धी ओळ आधीच्या दोघांनी वाचली नव्हती, आणि ते दोघंही बीडीएस नव्हते. (हे लिहायला नको होतं, पण तुम्हीच विषय काढलात.)

“क्लास चार्टमध्ये कधीच नसतो,” असंही तुम्ही मध्येच म्हटलंय. नसतो, मान्य. म्हणून कारणही सोडून द्यायचं का? ४१९ आहे, हिरड्यांच्या आजारासाठी ४२९ आहे, किडीसाठी ४३९ आहे. शेवटचा ९ राहिला तर राहिला, त्याच्या आधीचा आकडा तरी बोलू द्या.

केनेडीचं मात्र सोडवत नाही. केनेडीचं वर्गीकरण १९२५ चं आहे आणि रिकामी जागा तोंडात कुठे आहे ते सांगतं. पण जरा के०८.१ उघडा, सगळे दात गेलेल्यांचा कोड. तिथेही क्लास एक ते चार आहेतच. एकही दात नसलेल्या माणसाचा केनेडी क्लास तुम्ही कसा काढता, मला शिकायला आवडेल. हे क्लास अमेरिकन कॉलेज ऑफ प्रॉस्थोडॉन्टिस्ट्सच्या (कृत्रिम दात बसवणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या) वर्गीकरणाचे. केस किती बिकट आहे ते सांगतात, एक सोपी आणि चार सगळ्यांत अवघड. “तिसऱ्या वर्षाच्या पोरालाही कळतं” असं तुम्ही लिहिलंत. असेल. तुम्हाला चौथं वर्ष करावं लागेल.

राहिला एक्स-रे. माझं वाक्य होतं, ‘एक्स-रेच्या नोंदीत हाडाची झीज दिसत असेल तर के०८.४२ कडे वळायला हरकत नाही.’ वळायला म्हटलं होतं, टाकायला नाही. निदान डॉक्टरने लिहायचं आणि कोड त्यावरून द्यायचा, हा नियम मलाही पाठ आहे, आणि ओपीडीत ‘बहुधा’, ‘शक्यता’ यांना कोड नसतो हेही. वळायचं म्हणजे क्वेरी टाकायची, हे वाचणाऱ्याला कळेल असं मी धरून चालले. तुम्ही धरलं नाहीत, ठीक आहे. अनिर्दिष्ट कोड वापरायला नियमात परवानगी आहे, हा तुमचा परिच्छेद मी वाचला. आहेच परवानगी. माहिती मिळतच नसेल तेव्हाची आहे, विचारायचा कंटाळा आला तेव्हाची नाही. यापुढे त्यावर वाद घालत नाही.

उरलेल्या मुद्द्यांत जात नाही, कारण ते मुद्दे नाहीत. ‘ताई, तुम्ही रेसिपी ब्लॉग का लिहीत नाही’ याला मी काय उत्तर देणार? रेसिपीही येतात मला.

मूळ लेखात डी५२१३ दुरुस्त केला आहे. एक्स-रेच्या वाक्यापुढे ‘आधी क्वेरी टाकून, डॉक्टरने लेखी दिल्यावरच’ एवढे शब्द घातले आहेत. ते तुमच्या सांगण्यावरून नाही, मी तसंही घालणारच होते.