बासरीला लसूण

आमच्या सांगलीकर रूममेटनं काल रात्री माझ्या बासरीत बोट घातलं आणि वर मलाच सुनावलं, "अरे, फुटलीय की ही!" फुटलेली नव्हती. आता फुटली.

अमेरिकेतल्या विद्यापीठात एका क्रेडिटसाठी चिनी पारंपरिक वाद्यवृंदाचा वर्ग घेतलाय. बासरी येते म्हटल्यावर हातात डीझी, म्हणजे चिनी बासरी, आली. सुरुवातीला माहेरी आल्यासारखं वाटतं. बोटांची सहा छिद्रं, वरची तीन झाकली की सा, सगळी झाकली की खालचा पंचम. बन्सीवाल्यानं डोळे मिटून वाजवावी. पण फुंकायचं छिद्र आणि बोटांची छिद्रं यांच्या मधोमध आणखी एक भोक असतं, आणि त्यावर बोरूच्या पोकळीतला पातळ पापुद्रा चिकटवायचा असतो. डीझीचा तो झणझणीत आवाज सगळा त्या पापुद्र्याचा. त्याच्याविना नुसता बांबू.

पापुद्रा भोकापेक्षा जरा मोठा कापायचा, भोकाच्या कडेनं चिकट लावायचं आणि बासरीच्या लांबीला आडव्या अशा बारीक सुरकुत्या पाडत तो बसवायचा. ताणून बसला तर झणकार जातो. सैल राहिला तर आवाज घोगरा होतो आणि वरचे स्वर फुटत नाहीत. चिकट म्हणजे गाढवाच्या कातड्याचा डिंक, नाहीतर कापलेल्या लसणाचा रस. मी लसूणवाला.

तर ओट्याशी पाकळी चोळत होतो. सांगलीकर आला. बराच वेळ बघत राहिला.

"दृष्ट काढायलायस का रे बासरीची?"

"चिकटायला लावतोय."

"मग फेविक्विक लाव की."

"नंतर काढता आला पाहिजे ना. ओल्या बोटानं निघतो हा."

"काढायचाच हाय तर लावतोयस कशाला?"

याला उत्तर नाही. गाढवाच्या डिंकाचं सांगून बघितलं. "त्यापरीस गाढवच आणायचं," म्हणाला. मग फ्रिज उघडून लसणाचा गड्डा उलटसुलट करून पाहिला. लसूण तिघांत आणलेला. "एक पाकळी तुझ्या नावावर मांडतो," असं म्हणून त्यानं खरंच फोन काढला आणि हिशोबाच्या अ‍ॅपमध्ये लिहिलं: लसूण, वाद्यासाठी. एवढं झाल्यावर जाता जाता बोट. पापुद्र्याचे पैसे मात्र त्या अ‍ॅपमध्ये कोणाच्याच नावावर नाहीत.

वर्गात वेगळीच गंमत. आम्ही वाजवतो ते चीआंगनान सीझू, म्हणजे शांघायच्या आसपासचं रेशीम-बांबूचं संगीत. रेशीम तारांचं, बांबू फुंकायच्या वाद्यांचा. सगळे एकच चाल वाजवतात, पण प्रत्येक वाद्याच्या हरकती वेगळ्या, त्यामुळे कोण चुकलं हे कळायलाही कान लागतो. स्वरलिपी आकड्यांची, १ ते ७. वर टिंब तार, खाली टिंब मंद्र, अगदी आपल्या भातखंडे स्वरलिपीसारखं. इथे मराठी माणूस खुशीत येतो आणि फसतो, कारण आकड्याखालची आडवी रेघ कोमल स्वराची नसून निम्म्या वेळेची आहे. भातखंडे पाठ असलेला माणूस शुद्ध गंधाराचा कोमल करून मोकळा होतो, आणि तोही दुप्पट लांब. शेजारचा अरहूवाला, म्हणजे गजानं वाजवायच्या चिनी तंतुवाद्याचा, मान वळवतो. त्याचं बरं आहे. दोनच तारा, आणि गजाचे केस त्या दोन तारांच्या मधूनच ओवलेले, त्यामुळे गज हरवायची सोयच नाही.

खरी कटकट यांगचिनची. आपल्या संतूरची चुलत बहीण, बांबूच्या काड्यांनी वाजवायची. शंभरावर तारा, आणि त्या जुळेपर्यंत सगळा वर्ग बसून. तोवर हीटरच्या कोरड्या हवेत माझा पापुद्रा ताणला जातो. मग ओलं बोट, परत सुरकुत्या. ते जमेपर्यंत यांगचिनची कुठलीतरी तार उतरलेली असते.

एवढं करून क्रेडिट एक. तेही पदवीत धरत नाहीत, असं परवा सल्लागारबाईंनी हसत सांगितलं.