आठशेत हायाबुसा: एका पसरलेल्या दाव्याचा प्रतिवाद

पुण्यातल्या गाडीवेड्या मंडळींच्या मोबाईलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. बॉनेट उघडलेल्या जुन्या मारुती ८०० चे छायाचित्र आणि त्याखाली मजकूर असा की, भंगाराच्या भावात मिळणारी आठशे घ्यावी आणि तिच्यात हायाबुसा मोटरसायकलचे इंजिन बसवावे. दोन्ही सुझुकीचीच असल्याने काम सरळ आहे आणि नाना पेठ-भोसरीकडे आठवडाभरात होऊन मिळते. ताकद पाचपट होते, म्हणून वेगही त्याच मापाने वाढतो. मोठमोठ्या कंपन्यांनी हेच केलेले आहे. आरटीओला चौदा दिवसांत कळवून फी भरली की गाडी कायदेशीर होते. परदेशात तर हे सर्रास चालते. आणि एवढे करूनही नव्या गाडीपेक्षा स्वस्त पडते. संदेश पुढे पाठवणाऱ्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी पुष्कळ दिसतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहणे मला आवश्यक वाटले.

अनपेक्षित गाडीत आवडते इंजिन बसवण्याचे स्वप्न हास्यास्पद आहे, असे माझे म्हणणे नाही. हायाबुसाचे इंजिन असलेल्या चारचाकी गाड्या जगात खरोखर आहेत. ब्रिटनच्या वेस्टफील्ड कंपनीने मेगाबुसा ही छोटी स्पोर्ट्स गाडी याच इंजिनावर उभी केली, आणि रॅडिकल या शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीने तर या इंजिनाच्या रचनेवरून पुढे आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन सुद्धा तयार केले. पण त्या गाड्यांचा सांगाडा त्या इंजिनासाठी बेतलेला होता. आपला संदेश इंजिनाचे गुणगान करतो आणि बाकीच्या गाडीबद्दल चकार शब्द काढत नाही, तिथेच सगळी गफलत आहे.

दोन्ही सुझुकीची म्हणून काम सरळ, हा पहिला दावा. आठशेचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. ते पुढच्या बाजूला आडवे बसते आणि शेजारच्या गिअरबॉक्समधून, दोन ड्राइव्हशाफ्टच्या मार्गे पुढची चाके फिरवते. हायाबुसाचे इंजिन २००८ पासून १३४० सीसीचे आहे, त्याचा सहा गिअरचा गिअरबॉक्स इंजिनाच्याच कवचात सामावलेला आहे, आणि त्यातून बाहेर येते ते चेन फिरवणारे एक स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक. त्यात डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, नाही, कारण मोटरसायकलला एकच चाक फिरवायचे असते. रिव्हर्सही नाही. म्हणजे आठशेच्या बॉनेटखाली ते कसेबसे मावले, तरी त्याची ताकद चाकांपर्यंत न्यायला वाटच नसते. हे काम ज्यांनी नीट केले आहे त्यांनी बहुधा इंजिन मागच्या सीटच्या जागी ठेवले, चेनवर चालणारे डिफरन्शियल आणि वेगळा रिव्हर्स बॉक्स घातला आणि मागची चाके फिरवली. त्यासाठी फ्लोअर कापावा लागतो, आणि आठशेला वेगळी चासी नसल्यामुळे फ्लोअर कापणे म्हणजे गाडीचा कणा कापणे होय. चारचाकीला स्वतःच्या ताकदीने मागे जाता आले पाहिजे, हा नियमही आहेच. पण नियम बाजूला ठेवला तरी सदाशिव पेठेतल्या बोळात समोरून टेम्पो आल्यावर रिव्हर्स नसलेल्या गाडीतून उतरून ती ढकलणाऱ्याची अवस्था डोळ्यांसमोर आणावी.

याहून सूक्ष्म आणि छायाचित्रात कधीच न दिसणारी अडचण तेलाची आहे. मोटरसायकल वळणावर कलते, त्यामुळे गाडीसोबत ऑइल संप, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची परात, हीही कलते आणि तेल तळाशी, पिकअपच्या म्हणजे तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडापाशीच राहते. चारचाकी वळणावर अशी आत कलत नाही. तेल बाहेरच्या बाजूला ढकलले जाते, पिकअप उघडा पडतो आणि पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो. इंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांवर असताना खंबाटकी घाटातल्या एखाद्या लांब वळणावर हे काही क्षण घडले, तरी क्रँकची बेअरिंगे जळायला तेवढे पुरते. यावर उपाय आहेत: संपमध्ये आडपडदे घालणे, संप उथळ आणि रुंद करून घेणे किंवा वेगळी टाकी असलेला ड्राय संप बसवणे. ‘आठवडाभरात होऊन मिळते’ म्हणणारा यांपैकी नेमके काय करून देतो, एवढा एक प्रश्न त्याला विचारला तरी त्याची तयारी कळते.

क्लचचेही असेच आहे. साधारण २६५ किलोच्या मोटरसायकलसाठी आखलेल्या, तेलात बुडालेल्या क्लचवर साडेसहाशे किलोची गाडी आणि वर माणसे पडली की सिग्नलपासून सिग्नलपर्यंत रांगणाऱ्या हिंजवडीच्या संध्याकाळी त्याच्या प्लेटा फार दिवस टिकणार नाहीत. १५५ न्यूटन-मीटरचे कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, या इंजिनाच्या २०२१ पूर्वीच्या आवृत्तीत ७२०० फेऱ्यांवर मिळते; मूळ आठशेचे टॉर्क ६० च्या आसपासच आहे, पण ते अडीच-तीन हजार फेऱ्यांवर हाताशी येते. शहरात चढावर गाडी उचलताना आठशेच्या प्रकारचे इंजिनच सुखाचे ठरते.

इंजिनबदल मुळात जमतच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. एकाच घराण्यातली इंजिने असतील तर काम खरोखर आटोक्यात राहते. जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनाच्या जागी जुन्या बलेनोचे १.६ लिटर इंजिन बसवण्याची चाल आपल्याकडे रॅलीवाल्यांत आणि ऑफ-रोडवाल्यांत रूढ झाली, ती ही दोन्ही इंजिने सुझुकीच्या जी-मालिकेतली आहेत म्हणूनच. घराणे बदलले की इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी ॲडॉप्टर प्लेट आली, आणि ॲडॉप्टर प्लेटमध्ये काम चोख आहे की नाही ते उघडे पडते. भोसरीच्या लेथवर प्लेटला भोके पाडून बोल्ट बसवून देणारे अनेक आहेत. पण जाणता फिटर क्रँकला जोडलेल्या फ्लायव्हीलच्या चाकावर डायल गेज, म्हणजे सूक्ष्म फरक दाखवणारे सुईचे मापक, लावतो, क्रँक हाताने सावकाश फिरवतो, गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाचे, म्हणजे बेल हाउसिंगचे मध्य आणि क्रँकचे मध्य एका रेषेत आले आहे का ते सुई पाहून ठरवतो, आणि जागा पक्की करणारी डॉवेल पिन त्यानंतरच ठोकतो. हे मध्य केसभर जरी चुकले, तरी गाडी पहिल्या दिवशी उत्तम चालते. पुढे क्लच प्लेटचे दाते झिजतात, गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग वाजू लागते आणि मालक दोष इंजिनाला देत बसतो.

दुसरा दावा वेगाचा, आणि तो साध्या गणिताने कोसळतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे त्याला पुरी पडणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती दुप्पट करून भागत नाही, ती आठपट लागते. कार्ब्युरेटरच्या आठशेची ३७ अश्वशक्ती आणि २०२१ पूर्वीच्या हायाबुसाची सुमारे १९७, म्हणजे पट साधारण ५.३ आणि त्याचे घनमूळ साधारण १.७५. ताशी १२० किलोमीटरच्या आसपास दमणारी आठशे कागदावर २१० च्या जवळपास जाईल. मोटरसायकलवरचा ताशी २९९ किलोमीटरचा वेग येथे येणार नाही, कारण तो एका अरुंद, वारा कापत जाणाऱ्या देहाचा आहे आणि आठशे ही चौकोनी पेटी आहे.

पण मला खरी काळजी त्या २१० चीच वाटते. १२० वरून २१० वर गेलेल्या गाडीच्या अंगातली गतिज ऊर्जा तिपटीहून थोडी अधिक होते आणि ती सगळी बारा इंची चाकांच्या आत मावणाऱ्या ब्रेकांनी उष्णतेच्या रूपात बाहेर टाकायची असते. शिवाय टायरवर त्याची वेगमर्यादा दर्शवणारे अक्षर छापलेले असते आणि ते टायर या वेगासाठी बनवलेले नसतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची कमाल मर्यादा १०० आहे. संदेशात ब्रेक हा शब्द एकदाही आलेला नाही.

कंपन्यांनीही हेच केले, हा तिसरा दावा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच तो जास्त फसवतो. आपल्याकडची सर्वांत परिचित उदाहरणे म्हणजे प्रीमियर ११८एनई आणि कॉन्टेसा. ११८एनई म्हणजे फियाट १२४ च्या अंगात निसानचे ११७१ सीसी इंजिन. नावातली अक्षरेही त्याच इंजिनाची. पण प्रीमियरने इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही निसानचाच घेतला होता. कॉन्टेसा मूळची व्हॉक्सॉल व्हिक्टर. तिला आधी ॲम्बेसेडरचे दीड लिटरचे इंजिन मिळाले, ज्याने ती बिचारी रांगत असे, आणि पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह आले तेव्हा कुठे तिच्या रूपाला साजेशी चाल आली. कारखान्याकडे ड्रॉइंगे असतात, चाचणीचे ट्रॅक असतात, पुरवठादार असतात आणि परवानगी मिळवण्याची यंत्रणा असते. हे सगळे असूनही फसलेले उदाहरण हवे असेल तर मद्रासच्या स्टँडर्ड २००० कडे पाहावे: ब्रिटनमध्ये ज्या रोव्हर एसडी१ मध्ये ३.५ लिटरचे व्ही-८ येई, तिच्या देहात येथे स्टँडर्डचे जुने दोन लिटरचे इंजिन घातले गेले, आणि १९८५ मध्ये मोठ्या थाटात आलेली ती गाडी तीन-चार वर्षांतच बंद पडली. रुबाब होता, पण त्याला पेलणारे इंजिन नव्हते. संदेशातल्या आठशेचे दुखणे याच्या नेमके उलट आहे.

संदेशाला जोडलेले दुसरे छायाचित्र रेनॉ एस्पासचे आहे, फॉर्म्युला वनचे व्ही-१० इंजिन घातलेल्या कुटुंबाच्या गाडीचे. ती गाडी खरी आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात रेनॉ आणि मात्रा यांनी प्रदर्शनासाठी ती बनवली. मात्र तिचे अंग कार्बन फायबरचे होते आणि आतली बहुतेक यंत्रणा शर्यतीच्या गाडीची होती. एस्पास म्हणावे असे तिच्यात वरचे रूप तेवढे उरले होते. जूक या छोट्या गाडीवर बेतलेल्या २०११ च्या निसान जूक-आरचीही गोष्ट तीच, तिच्याखाली निसानच्याच जीटी-आर या वेगवान स्पोर्ट्स गाडीचे यांत्रिक सामान घातलेले होते. या दोन्ही गाड्या ‘इंजिन बसवले की झाले’ या म्हणण्याच्या विरुद्ध साक्ष देतात.

चौथा दावा कायद्याचा आहे आणि त्यावर विसंबणारा थेट दंडाच्या तोंडी जातो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. चौदा दिवसांची मुदत याच कलमात आहे, हे संदेशकर्त्याने बरोबर वाचले. पण ती झालेल्या बदलाची नोंद करण्याची कार्यपद्धती आहे, वाटेल तो बदल करण्याची मुभा नव्हे. इंजिन बदलण्याची सवलत कलमात येते ती त्याच मेकच्या, म्हणजे त्याच कंपनीच्या, आणि त्याच प्रकारच्या इंजिनापुरती, आणि तीही व्यावसायिक वाहनांच्या संदर्भात. इंधनाचा प्रकार बदलणारे सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीचे मान्यताप्राप्त किट हा वेगळा मार्ग आहे आणि तशा किटना मान्यता देण्यापूर्वी त्यांच्या चाचण्या आपल्याच वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत होतात. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले, की मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही आणि राज्याचे नियम कायद्यावर मात करू शकत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२अ अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही सांगते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द अधोरेखित करावे लागतील, कारण इंजिन, फ्लोअर आणि ड्राइव्ह यांचे बदल कोण किती मोजेल हे मालकाच्या हातात नसते. ‘संगम पुलाजवळच्या आरटीओत एजंटला सांगितले की होते’ असा कुजबुजता युक्तिवादही मी ऐकला आहे. ७९६ सीसीच्या आरसीवर १३४० सीसी आणि मोटरसायकलचा इंजिन क्रमांक कोणी चढवून दिलाच, तरी पहिल्या अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर बॉनेट उघडतोच.

परदेशात सर्रास चालते, हा दावा एका वाक्यात निकाली निघतो: जर्मनीत असा प्रत्येक बदल तपासनीसाकडून तपासून गाडीच्या कागदांवर चढवावा लागतो, आणि ब्रिटनमध्येही मूळ सांगाडा कापलेली गाडी आपली जुनी ओळख गमावून नव्याने तपासणीला जाते.

राहिला स्वस्ताईचा मुद्दा. संदेशात फक्त गाडीची आणि इंजिनाची किंमत धरली आहे. चेन डिफरन्शियल, रिव्हर्स बॉक्स, संप, रेडिएटर आणि पंखे, एक्झॉस्ट, इंधनपंप, मोटरसायकलच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला पटेल असे वायरिंग, ब्रेक, हब, चाके, टायर, सस्पेन्शन आणि कापलेल्या देहाला पुन्हा ताठ करणारा नळ्यांचा पिंजरा, म्हणजे रोल केज, एवढे सगळे त्या हिशेबाबाहेर आहे. इंजिन कायदेशीर बिलासह घेतलेले नसेल तर ते चोरीचे निघण्याची शक्यताही त्यातच धरावी. हे सारे करून तयार झालेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ती एखाद्या बंद ट्रॅकवर किंवा लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीसारख्या धावपट्टीवर शर्यत भरेल त्या दिवशीच चालवायची, आणि तिथपर्यंत ती टो-ट्रकवर लादून न्यायची. ते जाण्यायेण्याचे भाडेही संदेशातल्या हिशेबात कुठे दिसत नाही.